शेवटची पायरी उंच आहे हं

माणूस जिन्यावरून पडतो तेव्हा आधी सामान पडतं. टायपिस्टबाईंनी स्वयंपाकघरात ऐकलं ते सामानच होतं. चाकांची बॅग पायरीगणिक आपटत खाली येत होती. काही पाहुणे बॅग उचलायचा आळस करतात आणि तशीच ओढत आणतात, त्यातलंच काहीतरी असेल म्हणून बाई ओट्यापाशीच उभ्या राहिल्या. हातात कपबशी होती. मग बॅगेमागून दुसरा आवाज आला, मऊ आणि जड. तो बारा पायऱ्या उतरला आणि दाराशी येऊन थांबला. त्यानंतर काहीच नाही. पुढे कितीतरी दिवस बाईंना आठवत राहिलं ते हे काहीच नाही. कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

कपबशी त्यांनी आधी ओट्यावर नीट ठेवली. हेही आठवत राहिलं.

तो माणूस कुशीवर पडला होता. एक पाय अजून तिसऱ्या पायरीवर, उजवा हात अंगाखाली. डोळे उघडे होते. बाईंकडे बघून तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "पडलो का मी?"

वर जिन्याच्या तोंडाशी त्याची बायको उभी होती. तिने उतरायला पाय उचलला आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "ताई, जपून! भिंतीला धरा. पहिली पायरी खोल आहे!"

बायको थबकली. तिने खाली नवऱ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. भिंतीला धरून, पाय चाचपत उतरली. त्या वाक्याने ती वाचली. तेच वाक्य तिच्या नवऱ्याला आदल्या संध्याकाळी मिळायला हवं होतं, आणि मिळालं नव्हतं, हे त्या घटकेला फक्त बाईंना माहीत होतं.

*

सगळी गल्ली त्यांना टायपिस्टबाई म्हणते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, टाइपरायटर तर त्याच्याही आधी भंगारात गेला, पण नाव राहिलं. एकाच वकिलांकडे त्यांनी छत्तीस वर्षं काढली. साहेबांचं सगळं काम नुकसानभरपाईचं. कुणी लिफ्टच्या खड्ड्यात पडलेला, कुणी हॉटेलच्या ओल्या फरशीवर घसरलेली, कुणाच्या डोक्यावर दुकानाची पाटी आलेली. बाईंच्या बोटांखालून हजारभर माणसं पडली, भाजली, चेंगरली. प्रत्येकाच्या कागदावर तेच वाक्य असायचं: सदर धोक्याची मालकास पूर्ण कल्पना असूनही त्यांनी तो दूर केला नाही व आमच्या अशिलास त्याबाबत सावधही केले नाही. हे वाक्य बाई डोळे मिटून टाइप करू शकायच्या. मालक म्हणजे कोण, कसला, त्याच्या पोटात काय होत असेल, हा विचार त्यांना छत्तीस वर्षांत एकदाही आला नव्हता. मालक नेहमी कागदाच्या पलीकडच्या बाजूला असायचा.

साहेब मजकूर सांगताना फेऱ्या मारायचे आणि वाक्याच्या मध्येच खिडकीपाशी थांबायचे. त्या थांबण्यात कुणी शब्द काढला की पुढचं वाक्य गेलं. मग साहेबांचा दिवस गेला, आणि बाईंचाही. म्हणून बाई एक शिकल्या. समोरचा बोलत असेल तर थांबायचं, तो पुरता गप्प झाला की मग आपण तोंड उघडायचं. ही सवय घरीही आली. नवरा वैतागून म्हणायचा, "तुझ्याशी धड भांडताही येत नाही. तू माझं संपायची वाट बघत बसतेस, आणि तोवर मीच विसरतो कशावरून भांडत होतो."

नवरा फरशी बसवायचा. दुसऱ्याच्या घरात त्याने बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलत नसे. स्वतःच्या घरी मात्र त्याने वरच्या खोलीत ठिकठिकाणच्या उरलेल्या फरशा आणल्या आणि जुनी सिमेंटची जमीन न खणता तिच्यावरच जाड थर देऊन बसवल्या. काम संपल्यावर हात पुसत खाली यायला निघाला आणि पहिल्याच पायरीला त्याचा तोल गेला. तो चौथ्या पायरीवर धप्पकन बसला आणि हसत सुटला. वरची जमीन तीन बोटं चढली होती, जिना होता तिथेच होता. चढताना शेवटची पायरी उंच लागायची, उतरताना पहिली खोल. "पुढच्या सुट्टीत काढतो," तो म्हणाला. ती सुट्टी आली नाही. चार वर्षांच्या लेकीने त्या पायरीचं नाव ठेवलं आगाऊ. "आगाऊ आली, पाय उचला," असं ओरडत ती वर जायची. वर्षभरात तिघांच्याही पायांना ती पायरी पाठ झाली आणि मग ती कुणाला दिसेनाशीच झाली.

नवरा गेला. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. वरची खोली सुट्टीला येणाऱ्या लोकांना दोन-चार दिवस द्यायची, ही कल्पना लेकीचीच. फोटो तिने काढले, ॲपवर तिने टाकले, निरोप तिच्या फोनवर यायचे. चादरी बदलणं, किल्ली देणं आणि सांगणं हे बाईंचं काम.

सांगणं म्हणजे पायरीचं. किल्ली हातात ठेवताना बाई पाहुण्याच्या डोळ्यांत बघून म्हणायच्या, "शेवटची पायरी उंच आहे हं. उतरताना पहिली." काही पाहुण्यांना त्याची मजा वाटायची. एकाने ॲपवर लिहिलं, "खोली स्वच्छ, मालकीण प्रेमळ, पायरीवर छोटंसं भाषण होतं ते ऐकावं." दुसरीने लिहिलं, "आजवर राहिलेल्या जागांपैकी ही एकच, जिथे जिन्याशी माझी रीतसर ओळख करून देण्यात आली." लेकीने फोनवर हे वाचून दाखवलं तेव्हा दोघी खूप हसल्या होत्या.

मध्यंतरी बाईंनी त्या पायरीच्या कडेला लाल चिकटपट्टी लावली होती. लेक नवे फोटो काढायला आली आणि तिने ती सोलून काढली. "आई, दवाखान्यासारखं दिसतंय. तू सांगतेस ना तोंडाने? बास झालं."

*

त्या संध्याकाळी दोघं आली ती दमून. बायकोने दारातच विचारलं, "मावशी, बाथरूम?" बाई म्हणाल्या, "वर, डावीकडे," आणि ती धावलीच. नवरा मागून आला तो कानाला फोन लावून. दुसऱ्या गावात त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि कुठल्याशा गिऱ्हाइकाचं भिंतीवरचं घड्याळ पुन्हा बंद पडलं होतं. "अहो, तुम्ही ते टांगलंयत वाकडं, घड्याळ काय करेल बिचारं," असं तो समजावत होता. बाई किल्ली घेऊन समोर उभ्या राहिल्या. त्याने हसून मान हलवली, किल्ली घेतली आणि एक मिनिट अशा अर्थाने बोट वर केलं.

बाई थांबल्या.

तो बोलत बोलत जिना चढला. शेवटच्या पायरीला त्याच्या बुटाचं टोक आपटलं, "अरेच्चा," असं म्हणून तो फोनवरच्या माणसाला म्हणाला, "तुम्हाला नाही हो." दार लागलं. बाई खाली कठड्याला हात लावून उभ्या होत्या. त्याचा आवाज दाराआडून येतच राहिला. तो थांबला की वर जाऊन सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. मग गॅसवर दूध होतं. मग वरून काहीच आवाज येईना, झोपले असतील, कशाला दार वाजवा. आणि त्याला ठेच लागलीच होती की. कळलंच असेल त्याला.

ठेच लागली ती चढताना. सकाळी तो उतरत होता, एका हातात बॅग घेऊन. जी पायरी चढताना उंच असते ती उतरताना कुठे जाते, हे ज्याला कुणी सांगितलं नाही त्याला कसं कळणार?

खुब्याचं हाड मोडलं, उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. दोन्हींची ऑपरेशनं झाली. परक्या गावात, परक्या हॉस्पिटलात.

*

सातव्या दिवशी नोटीस आली. मालकीण म्हणून बाईंना आणि जागा ॲपवर देणारी म्हणून लेकीला. बाईंनी ती जिन्याखालच्या खुर्चीवर बसून वाचली. ओळ न् ओळ ओळखीची होती. 'धोक्याची पूर्ण कल्पना असूनही.' पहिल्या पानावर 'हयगय' हा शब्द चुकीचा टाइप झाला होता. बाईंचं बोट आपोआप त्याच्यावर गेलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हा कागद आपल्याला दुरुस्त करायचा नाहीये.

त्या उठून साहेबांच्या घरी गेल्या. साहेब आता काम करत नाहीत. झाडांना पाणी घालत होते. त्यांनी नोटीस दोनदा वाचली.

"घराचा विमा?"

"आहे. पण मुलीने विचारलं तर ते म्हणाले, ती पॉलिसी राहत्या घराची. पैसे घेऊन पाहुणे ठेवलेत म्हणजे धंदा झाला. धंद्याला लागू नाही."

"बरोबर आहे त्यांचं. आणि ॲपवाल्यांचं संरक्षण असतं ना काहीतरी?"

"त्यांचा माणूस येऊन टेप लावून पायऱ्या मोजून गेला. फॉर्म दिलाय. सोमवारपर्यंत भरून पाठवायचा. त्यात विचारलंय, पाहुण्याला धोक्याची पूर्वकल्पना दिली होती का. होय किंवा नाही."

साहेबांनी झारी खाली ठेवली. "बाई, तुम्हाला मी काय कायदा सांगणार. फुकट आलेला पाहुणा वेगळा. पैसे घेतलेत की जागा सुरक्षित ठेवणं तुमच्यावर आलं. दोष तुम्हाला ठाऊक होता का? होता. किती वर्षं? तीस. मग एकतर तो काढायचा, नाहीतर सांगायचं. काढलेला नाहीये. तेव्हा सगळं आता सांगण्यावर आलं. सांगितलं असेल तर निम्मा भार त्याच्यावर जातो. नसेल सांगितलं तर ॲपवाले म्हणतील, यांनी धोका लपवला, आम्ही देणार नाही. आणि मग वसुली कशातून होणार?"

"घरातून," बाई म्हणाल्या. हे वाक्यही त्यांनी पूर्वी टाइप केलं होतं.

"दुसरं काही आहे का नावावर?"

"नाही."

साहेबांनी नोटीस घडी करून परत दिली. "सांगितलं होतं?"

"मी सगळ्यांना सांगते."

"मी ते विचारलं नाही." मग बाईंनी तोंड उघडायच्या आत त्यांनी हात वर केला. "आत्ता उत्तर देऊ नका. मला एकदा सांगितलंत की मला तेच धरून चालावं लागेल. घरी जा. आणि हॉस्पिटलात अजिबात जायचं नाही, कळलं? तिथे बोललेला शब्द कुठे जाईल सांगता येत नाही."

*

लेक रोज सकाळी फोन करायची. ऑफिसला निघायच्या आधी, दबक्या आवाजात.

"आई, एकशे सदतीस जणांना सांगितलंस तू. मी मोजलंय. सात जणांनी तर लिहून ठेवलंय. एकशे अडतिसाव्याला तेवढं सांगितलं नाहीस, असं कोण म्हणेल?"

"मी."

"तुला तरी नक्की आठवतंय का? आधी ती बायको आली, मग तो आला, गडबड होती. तुझं वय काय? तोंडपाठ वाक्य आहे तुझं. निघूनच जात असेल तोंडातून."

"तो फोनवर होता गं."

"मग काय झालं? फोनवर असला तरी सांगता येतं माणसाला!" लेक ओरडली. मग अगदी लहान आवाजात म्हणाली, "पट्टी मी काढली, आई. माझंच नाव आहे तिथे. तू नाही म्हणालीस तर ते मला पण धरतील ना?"

"धरतील," बाई म्हणाल्या. लेकीशी त्यांना खोटं बोलता आलं नाही, आणि बोलल्या असत्या तर बरं झालं असतं असं लगेच वाटलं.

त्या दिवसापासून बाई भ्यायल्या त्या वेगळ्याच गोष्टीला. भांडी घासताना, केस विंचरताना त्यांना ती संध्याकाळ दिसू लागली, आणि दर वेळी तिच्यात थोडा फरक पडलेला असायचा. आधी नुसतं किल्ली देणं होतं. मग किल्ली देताना आपले ओठ हलताना दिसले. तिसऱ्या दिवशी आवाज ऐकू आला, स्वतःचाच, स्वच्छ: शेवटची पायरी उंच आहे हं. चौथ्या दिवशी त्या माणसाने मान हलवली ती त्याच वाक्याला. सगळं कसं जागच्या जागी बसत होतं. जणू कुणी आतमध्ये बसून रात्रंदिवस टाइप करत होतं, चुकलेली ओळ खोडून नवी घालत होतं, आणि प्रत खरीच वाटावी इतकं काम सुबक होतं. बाई त्या कामाला घाबरल्या. घर जाण्याची भीती छातीत असायची. ही भीती कुठे असते ते सापडत नव्हतं. आणखी दोन दिवस गेले तर त्यांना खोटं बोलावंच लागणार नव्हतं. त्या 'होय' वर खूण करणार होत्या, आणि ते त्यांना खरंच वाटणार होतं.

शनिवारी लेकीचा फोन आला तो अवेळी. "आई! ॲपवाल्या बाईचा फोन होता. त्याला काही आठवत नाहीये! आदल्या दुपारपासूनचं सगळं पुसलं गेलंय, डोक्याला मार होता ना. त्याच्या जबाबातच आहे." तिच्या आवाजात आनंद होता. तिचा तिलाच तो ऐकू आला असावा, कारण ती एकदम थांबली. मग म्हणाली, "म्हणजे, बिचारा. पण आई, आता फक्त तुलाच माहितीये."

फॉर्म जेवायच्या टेबलावर होता. होय. नाही. दोन चौकोन, सारख्या आकाराचे. बाईंनी पेन घेतलं, 'होय' च्या चौकोनाशी नेलं आणि मागे घेतलं. 'सांगितलं होतं' हे वाक्य एकदा त्या माणसाच्या तोंडावर म्हणून बघावं, असं त्यांच्या मनात आलं. तिथे म्हणता आलं तर इथे खूण करता येईल. साहेबांनी नको म्हटलं होतं, लेकीने तर शपथ घातली होती. बाईंनी चपला घातल्या.

*

चौथा मजला, खिडकीजवळची खाट. त्याचा हात मनगटापासून बांधून उशीवर ठेवला होता. बायको शेजारच्या स्टुलावर बसून चमच्याने सूप थंड करत होती. बाईंना बघून ती उठली नाही.

"या, या," तोच म्हणाला. गाल खप्पड झाले होते, पण आवाज तोच, गिऱ्हाइकाला समजावणारा. "तुम्हीच ना मालकीणबाई? मला तुमचा चेहराही आठवत नाही बघा. काय म्हणतोय तुमचा जिना?"

"बोलू नका जास्त," बायको म्हणाली. मग बाईंना, "तुम्ही कशाला आलात?" पहिल्या दिवशीची मावशी आता नुसती तुम्ही झाली होती.

"बघायला आले."

"बघा."

बाई पलीकडच्या खाटेच्या कडेला टेकल्या. तिथला रोगी तपासणीला गेला होता. वाक्य बाईंच्या जिभेवर तयार होतं. मी तुम्हाला सांगितलं होतं. चार शब्द.

"बरं झालं आलात," तो म्हणाला. "मला एक विचारायचंच होतं. मी पडल्यावर तुम्ही हिला ओरडून सांगितलंत म्हणे, पहिली पायरी खोल आहे. हिला तेच खटकलंय. ही म्हणते, त्या बाईला माहीत होतं. मी म्हटलं, अगं, माहीत होतं म्हणजे त्यांनी मलाही सांगितलंच असणार. मी फोनवर असणार. मी असाच आहे. ही दुकानात दहा वेळा हाक मारते आणि मला एक ऐकू येत नाही. विचारा हिला."

बायकोचा चमचा वाटीत तसाच राहिला.

"तसंच झालं ना?" तो म्हणाला. "तुम्ही सांगितलंत, माझं लक्ष नव्हतं. मला एवढंच कळू दे. बारा दिवस पडल्या पडल्या तेच शोधतोय. हात माझ्याच मूर्खपणाने गेला असेल तर तसं. मग कुणाशी भांडायला नको."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना जे म्हणायचं होतं ते त्यानेच म्हणून टाकलं होतं. आता मान हलवायची होती, तीही अर्धवट चालली असती. घर राहिलं असतं. लेक सुटली असती. हा माणूस स्वतःला मूर्ख म्हणत घरी गेला असता आणि जन्मभर म्हणत राहिला असता. आत ती सुबक प्रत तयार होती, ओठ हलत होते, किल्ली, आवाज, मान हलवणं.

"मी सगळ्यांना," त्या म्हणाल्या. बायकोने मान वर केली. "सगळ्यांना सांगते. तुम्हाला नाही सांगितलं. तुम्ही बोलत होता. तुमचं संपेल म्हणून मी थांबले. मग मी नाहीच आले वर."

खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी मागे घेतानाचा भोंगा वाजत होता.

"हे बोलत होते म्हणून यांना नाही सांगितलंत," बायको सावकाश म्हणाली. "आणि मला?"

"तुम्ही पळत गेलात."

"आणि नंतर संध्याकाळभर?"

"दूध उतू जात होतं," बाई म्हणाल्या. किती हलकं कारण आहे हे बोलताना कळलं. "आणि मला वाटलं तुम्ही झोपलात. कुणाला उठवायचं म्हणजे मला जमत नाही."

"लिहून द्याल?"

बायकोने पर्समधून औषधांची चिठ्ठी काढली, उलटी केली. बाईंनी तिथेच गुडघ्यावर ठेवून लिहिलं. तारीख घातली. 'मला पायरीचा दोष तीस वर्षांपासून माहीत होता. मी या पाहुण्यांना सावध केले नाही.' सही केली. इतक्या वर्षांत मालकाच्या बाजूचा हा पहिलाच कागद त्यांनी लिहिला होता. बायकोने तो दोनदा वाचला, घडी केली, पर्समध्ये ठेवला आणि चेन लावली.

"मला वाटलं, तुम्ही हो म्हणायला आलायत," ती म्हणाली.

"त्यालाच आले होते."

बायकोने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, केसांना कंगवा लागलेला नव्हता. ती उठली, परत बसली. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "या गावात आमचं कोणी नाही. तिकडून भाऊ निघालाय, तो उद्या पोहोचेल. बारा दिवस मी या स्टुलावर आहे. लॉजवर जाऊन अंगावर पाणी घेऊन येते. तासभर थांबाल?"

"थांबते."

"यांना उजवीकडे वळू द्यायचं नाही. आणि दर अर्ध्या तासाने बोटं हलवायला सांगायचं. तीन हलतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं नाही हललं अजून." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "मी हा कागद वापरणार आहे. आधीच सांगते."

"वापरा."

ती गेली. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला. तिच्या पर्समध्ये बाईंचं घर चार मजले खाली गेलं. बाई स्टुलावर बसल्या. ते अजून गरम होतं. त्यांना वाटलं होतं, खरं बोललं की सुटल्यासारखं वाटेल. सुटल्यासारखं काही वाटलं नाही. फक्त आतलं टाइप करणं थांबलं होतं, आणि त्या शांततेत घराची भीती आता सगळी जागा घेऊन बसली होती. वरची खोली, ओटा, जिन्याखालची खुर्ची. कोणतं सामान कुठे न्यायचं. लेकीच्या एका खोलीत आपण कुठे झोपणार. लेक तोंड तरी बघेल का.

फोन वाजला. लेकच होती.

"आई, कुठेस तू? फॉर्म भरलास का?"

"हॉस्पिटलात आहे."

"काय सांगितलंस?"

"नाही सांगितलं म्हणून सांगितलं. लिहून पण दिलं."

लेक फक्त "आई, घर," एवढंच म्हणाली, आणि रडू लागली. बाई थांबल्या. मग पहिल्यांदाच त्यांना वाटलं, हिचं रडणं संपायची वाट बघू नये. "ऐक," त्या मध्येच म्हणाल्या. "पट्टीचं मी कुठे लिहिलेलं नाही. पण विचारलं तर सांगेन. तू पण सांग. सोमवारी साहेबांकडे दोघी जाऊ. तू ये." फोन बंद झाला, तिने केला की आपोआप झाला ते कळलं नाही.

त्याचे डोळे उघडे होते.

"मुलगी?"

"हो."

"काय म्हणते?"

"घाबरलीय."

"आणि तुम्ही?"

"मी पण."

तो छताकडे बघत राहिला. "घड्याळाचा बारीक स्क्रू धरायला अंगठा नि दोन बोटं पुरतात असं लोकांना वाटतं," तो म्हणाला. "पण हात टेकवायचा असतो तो या बाजूवर. ही बाजू मेली तर हात कापतो. हिला हे सांगितलेलं नाही मी अजून." त्याचा गिऱ्हाइकाला समजावणारा आवाज गेला होता. "तुम्ही पण नका सांगू."

"ते मी नाही ऐकणार," बाई म्हणाल्या. "त्यांना सांगा. आल्या की सांगा."

भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास भरला होता. बाईंनी उशीवरच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हलवा बघू."

तीन बोटं हलली. दोघंही उरलेल्या दोन बोटांकडे बघत राहिली.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.